शर्यतीनंतरच्या विश्रांतीतून परत पळायला लागताना (कोकण किनाऱ्यापुरतं)

जांभा_सडा

मुंबईची मॅरेथॉन साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पळणाऱ्यांचा "आता परत सुरू करू का?" हा प्रश्न बरोबर फेब्रुवारीत येतो, नेमकी हवा तापायला लागते तेव्हा. पुण्या-नाशिकच्या हवेसाठी आखलेले प्लॅन इथे जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून हा वेगळा धागा. भर घाला, चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

मूळ मुद्दा आधी. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सावरत नाहीत. दम सगळ्यात आधी परततो. स्नायूंना फुल मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे लागतात. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं सगळ्यात मागून येतात. ताण पडलेल्या हाडातला जुना भाग आधी पोखरून काढला जातो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नवीन भाग भरून पक्का व्हायला काही महिने. म्हणजे शर्यतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पाय हलके वाटतात, मन उसळतं, आणि हाड मात्र त्याच वेळी कच्चं असतं. पुष्कळ दुखापती शर्यतीत नव्हे, या चार आठवड्यांत होतात. खालचं सगळं वेळापत्रक या चार आठवड्यांना सांभाळून आखलं आहे.

"फिटनेस जातोय" ही भीती आकड्यांत पाहा. पहिल्या काही दिवसांत उतरतो तो रक्तातला द्रव. तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं तरी ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सात टक्क्यांच्या आसपासच घसरते. तेवढी पाच-सहा आठवड्यांच्या सरावात भरून येते. नडगीच्या हाडाला तडा गेला तर मात्र सहा ते आठ आठवडे पळणंच बंद.

न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टर यांनी १९७४च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत ४१व्या वर्षी २ तास ११ मिनिटं १८ सेकंदांत मॅरेथॉनचं रौप्यपदक घेतलं. त्यांच्या नावाने सांगितला जाणारा नियम सोपा आहे: शर्यतीच्या दर मैलाला एक दिवस, तेवढे दिवस जोराचं काही करायचं नाही. फुलला २६ दिवस, हाफला १३, दहा किलोमीटरला ६. मोजणी शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासून.

सुरू करण्याआधी या गोष्टी तपासा. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी सलग तीन दिवस नेहमीच्या आकड्यापेक्षा पाचाहून जास्त नको. जिना उतरताना मांडीच्या पुढच्या भागात दुखायला नको (चढताना नव्हे, उतरताना बघायचं). एका पायावर उभं राहून टाच वर उचलायची, दोन्ही पायांना सारख्याच, निदान वीस. मग एका पायावर दहा उड्या, कुठेही टोचायला नको. ४० मिनिटं झपझप चाललं तरी दुसऱ्या दिवशी आखडायला नको. यातलं एकही जमत नसेल तर आणखी तीन दिवस थांबून पुन्हा तपासा.

आता आठवडे. शर्यतीआधी आठवड्याला सरासरी ५० किमी होत होते असं धरलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर टक्के बघा.

पहिला आठवडा: पळणं शून्य. तिसऱ्या दिवसापासून २०-३० मिनिटं चालणं.
दुसरा: सायकल किंवा पोहणं, ३० मिनिटं, तीन वेळा. शेवटी एकदा २० मिनिटं पळून बघा.
तिसरा: तीन दिवस, २५, २५ आणि ३५ मिनिटं. एकूण १५ किमीच्या आत, म्हणजे ३० टक्के.
चौथा: चार दिवस, सगळ्यात लांब ५० मिनिटं. एकूण २४ किमी. दोन दिवशी शेवटी ४ स्ट्राइड्स (म्हणजे काय ते खाली).
पाचवा: ३२ किमी, लांब ६५ मिनिटं.
सहावा: पुन्हा ३२च. वाढवायचं नाही. एका दिवशी १ मिनिट जोरात, १ मिनिट हळू, असं ८ वेळा.
सातवा: ३८ किमी, त्यात ६ मिनिटांचे ३ टेम्पो (जोराचा, पण सलग टिकेल असा वेग), मध्ये २ मिनिटं जॉगिंग.
आठवा: ४२ ते ४५.

सहाव्या आठवड्याला लोक सहज ४० करून बसतात. तिथेच थांबायचं आहे.

पहिले चार आठवडे पळताना अंतर मोजू नका, वेळ मोजा; वरचे किलोमीटर फक्त आठवड्याच्या एकूणासाठी. घड्याळात पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) दिसत असेल तर ती स्क्रीन बंद करा. पेस दिसली की माणूस तिच्यामागे धावतोच. वेगाची एकच कसोटी, पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. स्ट्राइड म्हणजे १५-२० सेकंद, पूर्ण जोराच्या ८५ टक्के, सपाटीवर, आणि दोन स्ट्राइड्समध्ये मिनिट-दीड मिनिट नुसतं चालायचं. धापा टाकत केलेल्या स्ट्राइडचा उपयोग नाही. पाय मोकळा पडायची सवय परत यावी एवढ्यासाठीच ती असते.

सुकती

छान लिहिलंत. सपाटीचा प्रश्न कोकणात सगळ्यात मोठा, म्हणून त्यात भर घालते. आपल्याकडे रस्ता म्हटला की घाटी आलीच, आणि परतीच्या पहिल्या तीन आठवड्यांत चढापेक्षा उतार वाईट. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात, आणि शर्यतीत सगळ्यात जास्त फाटलेले तेच असतात. सलग सपाट आणि मऊ जमीन म्हणजे ओली पुळण (किनाऱ्यावरची वाळू). गुहागरला पाच-सहा किलोमीटर, दापोलीकडे कर्दे-मुरुड, रत्नागिरीत भाट्ये. पण वेळ चुकली तर हीच पुळण पाय मोडते.

कोरड्या भुसभुशीत वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपट ऊर्जा लागते. टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागचं अकिलीस टेंडन जास्त ताणले जातात. पाचव्या आठवड्यापर्यंत तिथे पाऊल नको.

ओहोटीची वेळ घरच्या दिनदर्शिकेवरून काढता येते. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे भरती सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या तोंडाशी जास्तच. नक्की वेळ जवळच्या बंदराच्या तक्त्यात मिळते.

आता हेच सकाळी सहाच्या पळण्याला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या तोंडावर, म्हणजे सुकती (ओहोटी) पहाटे पाच-साडेपाचची. प्रतिपदेला साडेसहा-सातची, द्वितीयेला साडेसात-पावणेआठची. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही लांब हटतं आणि रुंद, घट्ट पट्टा मिळतो. तृतीयेपर्यंत काम चालतं. उलट सप्तमी, अष्टमी, नवमीला सकाळी सहाच्या आसपास भरती असते आणि संध्याकाळी सहालाही. भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस म्हणून पाणी फार वर चढत नाही, पण उरते ती उतरती आणि मऊ वाळू. ते तीन-चार दिवस किनारा सोडून मैदानावर जा.

म्हणून पंधरवड्यातले लांब रन पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांत बसवा. रविवारीच लांब पळायचं असा काही कायदा नाही.

पट्टा कसा ओळखायचा: पावलाचा ठसा जेमतेम उमटतो, टाच बोटाच्या जाडीपेक्षा जास्त रुतत नाही, आणि पाऊल पडल्यावर भोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी पांढरट होते, ती जागा घट्ट. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास हा पट्टा टिकतो. उतरता असेल तर दर दहा मिनिटांनी दिशा बदला. उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे डावा पाय कायम खाली. अर्धा तास तसंच पळून मग वळलात तर एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा) कुरकुरतो.

खाडीच्या तोंडाकडे जाऊ नका. वरून घट्ट दिसणारा थर तिथे खालून पोकळ असतो.

हापूस

सुकती, तिथीचा हिशोब फारच उपयोगी. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. आधी ज्या पेसला हार्ट रेट १४० असायचा, त्याच पेसला आता १५२ दिसतो. अडीच आठवड्यांची विश्रांती झाली आहे. फिटनेस गेला असं समजायचं, की अजून थकवा आहे?

खारा_वारा

हापूस, तीन कारणं एकत्र असू शकतात. ती वेगळी करून बघा.

रक्तातला द्रव कमी झालेला असतो, त्यामुळे पहिल्या तीन-चार रनला आकडा आठ-दहाने वर दिसणं अपेक्षित आहे. आठवडा-दीड आठवड्यात तो आपोआप खाली येतो. दुसरं कारण हवा. जानेवारीतली पहाट आणि फेब्रुवारीअखेरची पहाट यांत तापमान वाढतं आणि दमट हवेत घाम उडून जात नाही. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, हृदयाला त्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. तिसरं कारण खरा थकवा. तो ओळखायचा असेल तर पळतानाचा आकडा बघू नका, सकाळचा अंथरुणातला बघा. अंथरुणातला आकडा नेहमीचा आणि पळतानाचा जास्त, तर हवा आणि द्रव. दोन्ही जास्त, शिवाय झोप तुटकी, तर दोन दिवस विश्रांती.

तोपर्यंत पेस सोडून द्या. १४० ला जी पेस मिळेल ती त्या दिवसाची पेस. किलोमीटरला ३०-४० सेकंद हळू झालात तरी काम तेच होतंय.

"२२० वजा वय" या सूत्रावरून झोन (हार्ट रेटचे टप्पे) काढू नका, एकेका माणसात ते दहा-बारा ठोक्यांनी चुकतं. जांभांनी दिलेली बोलण्याची कसोटी त्याहून भरवशाची.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणातला फेब्रुवारी-मार्च फसवा असतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, गार लागतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की खारा वारा सुरू व्हायला दुपार होते, आणि मधल्या वेळात रत्नागिरी-अलिबागचा पारा ३७-३८च्या वर जातो. अशा दिवशी साडेआठला पळणाऱ्याला मे महिन्याचं ऊन लागतं. पावणेसहाला निघा, साडेसातला घरी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, पण ही सवय परतीच्या तिसऱ्या आठवड्यातच लावायला जाऊ नका. एका वेळी एकच ताण वाढवायचा: आधी मिनिटं, मग ऊन, शेवटी वेग.

पाण्याचा अंदाज वजनावरून घ्या. निघताना ६२ किलो, तासाभराने ६१.२, मध्ये ३०० मिली पाणी प्यायलात. म्हणजे घाम १.१ लिटर गेला. उरलेली ८०० मिलीची तूट पुढच्या तीन-चार तासांत सव्वा ते दीडपट भरायची, म्हणजे एक ते सव्वा लिटर. एका दमात नाही. वजन निघतानापेक्षा वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय, तेही धोक्याचं.

शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणून शहाळ्यात चिमूटभर मीठ टाका. कोकमाच्या आगळात मीठ आधीच असतं, त्याचं सरबत करताना वरून फार घालू नका. काहीच नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे.

पाखाडी

वेळापत्रक पटलं, फक्त चौथ्या आठवड्यात स्ट्राइड्स सरसकट सगळ्यांना नकोत. ज्यांची टाच सकाळी पहिली दहा-पंधरा पावलं आखडते त्यांनी सहाव्या आठवड्यापर्यंत थांबावं. स्ट्राइडमध्ये अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, आणि आखडलेल्या टेंडनला तो एका झटक्यात बसतो.

ताकदीचे व्यायाम दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करा, पळण्याच्याही आधी. पडवीची किंवा ओटीची पायरी पुरेशी आहे. पंजा पायरीच्या काठावर, टाच हवेत. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. गुडघा सरळ ठेवून १२, तीन वेळा. मग गुडघा थोडा वाकवून तेवढेच, त्याने पोटरीचा खोलवरचा स्नायू कामाला लागतो. पळताना सगळ्यात जास्त भार तोच उचलतो आणि सगळ्यात दुर्लक्षितही तोच राहतो. आधी दोन्ही पायांवर, आठवड्याभराने एका पायावर, मग पाठीवर दप्तरात पाच किलो तांदूळ घेऊन. दिवसाआड करा. दुखणं टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटतं तिथेच असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीवर करा. खाली सोडली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं चिघळतं.

याशिवाय पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, ८ आणि ८, गुडघा आत न वळू देता. कंबर उचलण्याचा व्यायाम एका पायावर १०. कुशीवरचा प्लँक ३० सेकंद. पंधरा मिनिटांत सगळं होतं. ताकदीचा दिवस पळण्याच्या दिवशीच संध्याकाळी घ्या म्हणजे विश्रांतीचा दिवस खरंच विश्रांतीचा राहतो.

दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्या. दोन-तीनपर्यंत, आणि २४ तासांत पूर्ण उतरत असेल, तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त आखडलं तर पुढचा रन निम्मा. लंगडायला लागलात तर तिथल्या तिथे थांबा आणि चालत किंवा रिक्षाने घरी या. "एवढा एक किलोमीटर पुरा करतो" यातच महिनाभराचं नुकसान होतं.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. दुखणं दडतं, आणि घामाने द्रव कमी झालेला असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

ओली_पावलं

किनाऱ्यावर अनवाणी पळावं का? बरेच जण सांगतात की त्याने पाय मजबूत होतो.

पाखाडी

होतो, पण शर्यतीनंतरच्या दीड महिन्यात ते सुरू करायचं नाही. अनवाणी पळताना टाच आधी टेकत नाही, पंजा टेकतो, आणि सगळा भार पोटरी, अकिलीस आणि पंजाच्या लांब हाडांवर जातो. याच तीन जागा अजून सावरत असतात. आठव्या आठवड्यानंतर बूट घालून पळून झाल्यावर शेवटी पाच मिनिटं घट्ट पट्ट्यावर अनवाणी चाला. दोन आठवड्यांनी त्यातलं एक मिनिट पळा. एवढ्या सावकाश वाढवायची ती गोष्ट आहे. शिंपल्यांचे तुकडे आणि जाळ्यांचे तुटके गळ हा वेगळा विषय.

बुटांबद्दलही इथेच. शर्यतीचे कार्बन प्लेटवाले बूट परतीला वापरू नका. ते पावलाचं काम बदलतात आणि हळू वेगात डळमळतात. रोजच्या सरावाचे, ७००-८०० किमीपेक्षा कमी वापरलेले घ्या. खाऱ्या पाण्याने भिजले तर त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा, आतली पट्टी बाहेर काढून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की सोलचा डिंक सुटतो.

सुकती

अनवाणीच्या मुद्द्याला +१.

पहाटे अंधारात किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळास, आंजर्ले, गुहागर आणि खाली सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांवर थंडीपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि फेब्रुवारीपासून पिल्लं बाहेर पडायला लागतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर असतात, तुम्ही खालच्या ओल्या पट्ट्यात असता, त्यामुळे पावलांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो डोक्यावरच्या पांढऱ्या दिव्याचा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. लाल दिवा वापरा, किंवा फटफटेपर्यंत थांबा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचं काम चालू असेल तर दोराच्या वरच्या बाजूने वळसा घ्या. ताणलेला दोर पायात आला की घोटा जातो.

नाचणी

खाण्याकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते.

शर्यत झाली, पळणं कमी झालं, म्हणून लगेच जेवण कमी करू नका. दुरुस्तीचं काम जोरात चालू असताना कच्चा माल तोडल्यासारखं होतं ते. पहिले तीन आठवडे भूक लागेल तेवढं खा. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोला साधारण ९५ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, दीडशे ग्रॅम बांगड्यातून २८ ते ३०, वाटीभर उसळीतून ८-१०, दोन पेले दूध किंवा दह्यातून १४. कुळथात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण पिठी पातळ करतो आपण, एका वाटीत पीठ जेमतेम तीस ग्रॅम जातं. म्हणून पिठी-भातावर भागलं असं समजू नका. शाकाहारी घरात चवळी, मसूर, पनीर, शेंगदाणे रोज मोजून बसवावे लागतात.

हाडांसाठी नाचणी. शंभर ग्रॅमला कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळ. सकाळी निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, अर्धी वाटी, तासभर आधी. परत आल्यावर अर्ध्या तासात आंबोळी-उसळ किंवा घावणे आणि अंडी.

बायकांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन ३० च्या खाली असलं तरी चढावर पाय जड पडतात आणि दोष सरावाला दिला जातो. जेवणाबरोबर चहा नको, लोह शोषलं जात नाही. तासभर अंतर ठेवा. आणि पाळी लांबली किंवा थांबली तर ते सरावाचं लक्षण समजून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय याची ती पहिली खूण आहे आणि त्या अवस्थेत हाडं लवकर तडकतात. आठवड्याचे किलोमीटर तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घाटी_चढ

चिपळूण-संगमेश्वरकडच्या लोकांनी काय करायचं? किनारा तासाभरावर, आणि दाराबाहेर पडलं की चढ-उतार.

जांभा_सडा

चढ हळू पळा, उतार चाला. खरंच चाला, पाचव्या आठवड्यापर्यंत. पाखाडीच्या पायऱ्या तर दोन्ही बाजूंनी चालतच. सड्यावर सपाटी मिळते, पण जांभ्याचा कातळ कडक आणि खडबडीत, घोटा मुरगळतो. सड्यावरची मातीची वाट चालेल. नाहीतर शाळेचं मैदान. चारशे मीटरची फेरी कंटाळवाणी असते हे खरं, पण तीस मिनिटांचाच प्रश्न आहे. दर दहा मिनिटांनी दिशा उलटी करा.

डांबरी रस्त्याची कड उतरती असते. वाहनं समोरून दिसावीत म्हणून उजवीकडून पळावं लागतं, म्हणजे उजवा पाय कायम खाली. शांत रस्ता असेल तर मधला सपाट भाग घ्या, वळणावर कडेला या.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त बंद होतं, किंवा वय पन्नासच्या पुढे असेल, तर तिसऱ्या आठवड्यात सलग पळण्याऐवजी ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, पाच-सहा वेळा. एकूण मिनिटं तीच, ताण विभागला जातो.

आणखी एक, दर आठवड्याला दहा टक्के वाढ हा नियम इथे वापरू नका. १५ वरून दहा टक्क्यांनी चढत गेलात तर ४५ ला पोचायला तीन महिने लागतील, आणि ४५ वरून दहा टक्के चढलात तर एकदम साडेचार किलोमीटर. आधी झेललेल्या पातळीपर्यंत परत जाताना टप्पे मोठे चालतात, त्यापुढे नवीन पातळीवर जाताना ते लहान हवेत.

हापूस

खारा वारा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघितलं. अंथरुणातला आकडा नेहमीचाच आहे. म्हणजे हवा आणि द्रव.

हाफवाल्यांसाठी हेच वेळापत्रक निम्मं धरायचं का?

जांभा_सडा

ढोबळमानाने हो. हाफनंतर चार-पाच दिवस पूर्ण बंद, दुसऱ्या आठवड्यात ४० टक्के, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ८०, पहिला टेम्पो चौथ्यात. पण हाफ जर अगदी जीव तोडून, किंवा सर्दी-ताप असताना पळली असेल तर आठवडा वाढवा. तापात पळणं तर मुळीच नाही. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस सोडून, पुन्हा २० मिनिटांपासून.

ओली_पावलं

नडगीच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर ते साधं शिन स्प्लिंट की हाडाचा तडा, हे घरी कसं ओळखायचं?

पाखाडी

नक्की निदान घरी होत नाही, पण पळायचं की थांबायचं एवढं ठरवता येतं. बोटाने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. पाच सेंटीमीटर किंवा जास्त लांबीत, पसरलेलं, कंटाळवाणं दुखत असेल आणि पळताना शरीर तापलं की कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाचा ताण. पळणं निम्म्यावर आणा, पोटरीचे व्यायाम सुरू ठेवा, दहा दिवसांत फरक पडतो.

एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत नेमकं टोचत असेल, पळताना दर मिनिटाला वाढत जात असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या पायावर एक उडी मारताच कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा पळायला जाऊ नका, एमआरआयबद्दल विचारा. जांघेत खोलवर किंवा खुब्याच्या पुढच्या बाजूला असं दुखत असेल तर उद्याची वाट बघू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा पूर्ण तुटू शकतो.

हापूस

आठव्या आठवड्यानंतर पुढे? तो मार्चचा मध्य असेल. तिथून पुढच्या थंडीतल्या शर्यतीपर्यंत काय?

खारा_वारा

एप्रिल-मेमध्ये कोकणात वेग वाढवायच्या मागे लागू नका. दवबिंदू २४ अंशांच्या वर गेला की जोराचे इंटरव्हल्स ठरल्या वेगात पूर्णच होत नाहीत. हे दोन महिने ४५-५० वर स्थिर राहा, सगळं हळू, आठवड्यातून एकदा ८ ते १० सेकंदांच्या चढाच्या दौडी, सहा-सात. पूर्ण विश्रांती घेऊन, आणि उतरताना चालत. चढावर वेग कमी असल्याने पाय आपटत नाहीत, ताकद मात्र मिळते. ताकदीचे व्यायाम आठवड्याला दोनदा. लांब रन ९० मिनिटांपर्यंतच, आणि तो पहाटे पाचला सुरू.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की किनारा बंद. उधाणाला पाणी सुरूच्या बनाच्या पायथ्यापर्यंत येतं, पुळणीचा उतार रोज बदलतो, आणि आठवड्यापूर्वीचा घट्ट पट्टा जागेवर नसतो. जांभ्यावर आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे पळू नका. रत्नागिरीकरांना चंपक मैदान आहे, पण चिखल झाला की तेही सुटतं, मग डांबरी रस्ताच. भडक रंगाचा शर्ट, पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा, आणि जाड मोज्यांऐवजी पातळ, नाहीतर बोटांच्या मध्ये चिखल्या होतात. पाऊस पडत असताना हवा २५-२६ अंशांवर येते. टेम्पोचे दिवस अशा सरींमध्ये धरा.